पाहुण्यांपुढची चाल

माझा डावा पाय जन्मापासून आखूड. पण आयटी पार्कशेजारच्या माण गावातल्या आमच्या घरी पाहुणे आले की मी लंगडत नसे. आईनं लहानपणीच घोटवून घेतलं होतं: टाच उचलून धरायची, कंबर आवळायची, चेहरा हसरा ठेवायचा. "पोरीच्या जातीला लोकं बघत्यात." कमरेतून कळ यायची, पण चाल अशी फक्कड की सोयरे म्हणायचे, "कुटं काय दिसतंय?"

बारावी झाली. मला पुण्यात वसतिगृहात राहून वकिली शिकायची होती. माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे, पैसा नव्हता असं नाही. आयटीवाल्यांना खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. पण ते म्हणाले, "घरी बसून बी.ए.ची परीक्षा दे, त्याचे देतो. हॉस्टेलला एक पै न्हाई." म्हटलं, ठेवा तुमची पै! अपंग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती असते, ती थेट माझ्या खात्यात येईल. आप्पा भडकले.

"गावात तोंड दाखवायला जागा ठिवशील का न्हाई? आपल्याला काय कमी हाय?"

"अर्धी वीत पाय," मी म्हणाले.

शिष्यवृत्तीला दाखला लागतो, अपंगत्व किमान चाळीस टक्के असल्याचा. तपासणीला सरकारी दवाखान्यात आप्पांनीच गाडीतून नेलं, तोंड फुगवून. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि म्हणाले, "व्हरांड्यात चालून दाखव."

बाकांवर सगळी अनोळखी माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि मी मूर्ख! आईची शिकवण अंगात आली. टाच उचलली, कंबर आवळली आणि हसत हसत जाऊन आले.

"छान चालतेस की," डॉक्टर म्हणाले. "चाळीस काही भरत नाहीत." पेन कागदाला टेकलंसुद्धा. गेलं वसतिगृह, गेली वकिली.

"थांबा सायेब!" आप्पा बाकावरून उठले होते. "खोटं चालतीया ती. आमीच शिकिवलंय तिला." मग माझ्याकडे वळले, आवाज चिरकला. "बाळा, घरात चालतीस तशी चाल. बघू दे समद्यांना."

मी चालले. रडत, लंगडत, त्या टोकापर्यंत आणि परत. डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवून पायाची मापं नीट घेतली. दाखला मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. आप्पांनी हॉस्टेलला पै दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर ओटीवर पाहुणे. तांब्या-भांडं घेऊन मी माझ्या चालीनं गेले, थोडं पाणीही सांडलं. पाहुण्यांची नजर पायावर गेली.

"अधू हाय पाय तिचा," आप्पा म्हणाले. "वकील व्हनार हाय."