सभापतींचा बेलभंडार

सभापती कोणाच्याही घरात शिरण्याआधी दाराबाहेरच्या चपला बघायचे. नमस्कार नंतर. आत कोण बसलंय ते ओळखायचं, मग किती हसायचं ते ठरवायचं. माझ्या नवऱ्याचे ते मित्र, म्हणून मला वैनी म्हणत. एकदा आमच्या दारात नवी कोल्हापुरी दिसली, तर बाहेरूनच ओरडले, "वैनी, पाव्हणं कोण हाय?" माझा जावई होता. तरी त्याचं गाव कोणतं, तिथं कोणाचं पॅनल, हे सगळं विचारून मगच त्यांनी चहाला हात लावला.

पंचायत समितीचं सभापतिपद त्यांना एकदाच मिळालं. पुढे जिल्हा परिषदेला पडले आणि मग आमच्या गावचे सरपंच झाले. गाव सभापतीच म्हणत राहिलं, त्यांनीही अडवलं नाही. जीप गेली, तरी दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून दोन्ही बाजूंना हात जोडत जायचे. रानात निंदणाऱ्या बाया हसायच्या. "हसू द्या," म्हणायचे, "हसतं ते निदान बघतं तरी."

काम करायचे, हे खोटं नाही. धरणाचं पाणी आमच्या चारीला येईना, तेव्हा माजलगावला जाऊन पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या दारात डबा उघडून बसले. "तुमी जेवा, मी बी जेवतो. पाणी सोडलं की उठतो." पाणी आलं. गावानं हार घातले. पण सभापतींना त्याचं सुख नव्हतं. हार घालायला कोण आलं नाही, तेच ते शोधत होते.

न आलेल्यांत उपसरपंच होता. त्यानंच पुढे अविश्वास ठराव आणला. तेव्हा सरपंच निवडणं आणि काढणं सदस्यांच्याच हातात होतं. बायांच्या जागेवर मीही सदस्य होते. सभापतींचं अन्नपाणी तुटलं. माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "हे बी गेलं तर मला सभापती कोण म्हणंल, वैनी?"

त्यांनी आपल्या बाजूच्या सदस्यांना महादेवाच्या देवळात बोलावलं. बेलाचं पान आणि भंडारा हातावर घेऊन एकेकानं शपथ घेतली, सभापतींना सोडणार नाही. माझ्यापुढे ताट आलं. मी हात पुढे केला नाही.

"मी ठरावाला हात वर करणार न्हाई. सांगितलं ना? मग देवाला मधी काहून घेता?"

"सगळ्यांनी उचललं, वैनी."

"त्यांचं त्यांच्यापाशी."

सभापतींचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ते माझ्यावरच नजर ठेवू लागले. काम नसताना दारावरून जायचे. मी दळण घेऊन निघाले तरी विचारायचे, "कुणीकडं?" एकदा मी चिडून म्हणाले, "गिरणीवर. तिथं ठराव न्हाई, ज्वारी हाय."

इकडे उपसरपंचानं शपथ घेतलेल्यांना गाडीत घालून नारायणगडाला नेलं. सभापतींना कळलं, तर म्हणाले, "दर्शनाला गेलेत. बेलभंडार उचलेल्या माणसाची काय काळजी?" गडावर त्या लोकांनी नारळ फोडला, देवाची माफी मागितली आणि शपथ उतरवून आले. हे आम्हाला मागाहून कळलं.

मतदानाला तहसीलदार आले. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा, म्हणाले. सभापती समोर बसले होते, डोळे माझ्या हातांवर. माझे हात मांडीवरच होते. त्यांनी मोठा श्वास सोडला, चक्क हसले. तहसीलदारांनी "ठराव मंजूर" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. देवळातले सगळे हात वर होते.

पुढे ते बीडला मुलाकडे राहायला निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघत मीही उभी होते, मला माजलगावला जायचं होतं. ते म्हणाले, "तुमी तेवढा बेलभंडार उचलला असता, वैनी, तर माझं ध्यान त्यांच्याकडं ऱ्हायलं असतं."

"मी सांगितलं होतं तुमाला."

"सांगितलं होतं. पन नुसत्या सांगण्यावर आमी कधी इस्वास ठेवलाच न्हाई."

त्यांची गाडी आधी आली. ते चढले. वर्ष सरायच्या आत बीडहून त्यांच्या जाण्याचा निरोप आला. मातीला मी गेले होते. बेलभंडार उचललेले सगळेच आले होते, आणि सभापती फार भोळा माणूस, असं एकमेकांना सांगत होते.