एक दिवस उशिराचा नाताळ

डिसेंबर लागला आणि माझे भावोजी माझ्या डोक्यावर चालायला लागले. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे, थोडं रागानेच म्हणते. मी ताईच्या घराच्या अगदी खालच्या मजल्यावर एकटी राहते आणि घरीच शिवणकाम करते. मशीन थांबलं की वरचं सगळं ऐकू येतं. स्वयंपाकघर ते खिडकी अकरा पावलं, खिडकी ते दार सात. एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून हा माणूस ऑगस्टमध्ये निवृत्त झाला आणि तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतोय. डिसेंबरात तर कहर झाला, कारण यंदाचा नाताळ त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. नाताळ काय, सगळेच घरी करतात. पण नोकरी लागल्यापासून भावोजींनी तो कधीच केला नव्हता, निदान पंचवीस तारखेला तरी.

लिफ्टच्या कंपनीत सणाच्या दिवशी एक माणूस ड्यूटीवर ठेवावाच लागतो. उलट सणालाच लिफ्ट जास्त अडकतात. चौघांच्या लिफ्टमध्ये सहा पाहुणे, दोन केकचे खोके आणि एक आजी कोंबली की दुसरं काय होणार? नोकरीच्या पहिल्या वर्षी भावोजी सगळ्यांत नवे. साहेबांनी विचारलं, पंचवीसला कोण येणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. हे म्हणाले, "मी येतो. आमच्याकडे सव्वीसला करू." झालं. पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. ड्यूटीचा तक्ता लागायचा तोच पंचवीसपुढे यांचं नाव लिहून. "तुमचं काय बुवा, तुमचा सव्वीसला असतो," म्हणायचे लोक. यांच्या घरी कॅलेंडरच वेगळं छापून येत असावं, अशा थाटात.

खरं सांगायचं तर त्यांनाही ते अंगवळणी पडलं होतं. थोडं आवडायचंही. अडकलेली माणसं बाहेर निघाली की यांना हात धरून घरात न्यायची, केक बांधून द्यायची. अंधार पडल्यावर हे आठ घरांचे आठ तुकडे घेऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सण व्हायचा. नवे कपडे सव्वीसला, कोंबडी सव्वीसला, भेटवस्तू सव्वीसला. मीही तिथेच जेवायचे आणि मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

वाटलं ते एकदाच. चिमी तेव्हा सात वर्षांची होती. चिमी म्हणजे ताई-भावोजींची एकुलती एक मुलगी. शाळेतून आली, पाठीवरचं दप्तरही काढलं नाही आणि म्हणाली, "बाबा, आपला नाताळ शिळा का असतो?" भावोजी हसले. हसले खरे, पण ते वाक्य या माणसाने बावीस वर्षं मनात ठेवलं. नोव्हेंबरात पँटची शिवण घालून घ्यायला माझ्याकडे आले, तेव्हा एकदम म्हणाले, "पोरीला एक ताजा नाताळ द्यायचा राहिलाय. या वर्षी देतो. तिची पोरंबाळं व्हायच्या आत एकदा तरी तिने तो बघायला हवा." मी पँट उलटी करून दोरा तोडला.

मग सुरू झालं नियोजन. तुम्ही आम्ही यादी करतो, यांनी तक्ता केला. लिफ्टच्या तपासणीला जसा असायचा तसाच, रेघा मारून, आणि फ्रिजवर चिकटवला. नऊ चाळीस, कोंबडी ओव्हनमध्ये. अकरा, बटाटे. अकरा पन्नास, सूप मंद आचेवर. एक वाजता सगळे टेबलावर. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायला चौकोन. "आणि श्वास कधी घ्यायचा तेही लिहा," मी म्हटलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

दहा तारखेला त्यांनी रंगीत तालीम घेतली. एक छोटी कोंबडी आणली, तिच्या पोटात पाव, कांदा आणि सुकामेवा भरला आणि ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. मध्येच बाल्कनीत जाऊन यायचे, पुन्हा बसायचे, दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायचे. ओव्हनचं दार इतक्या वेळा उघडलं तर आतली कोंबडी शिजणार कशी? मग चिडून आच वाढवली आणि ती वरून काळी, आतून कच्ची निघाली. ती आम्ही दोन दिवस रश्श्यात घालून खाल्ली. केकच्या मनुका ताईने तीन आठवडे आधीच संत्र्याच्या रसात भिजत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. भावोजी रोज बरणी उघडून बघायचे, फुगल्या का, फुगल्या का. शेवटी ताई म्हणाली, "अहो, त्यांना जरा एकटं सोडा हो."

ताई तशी कमी बोलते. तक्त्यात तिला कुठलं काम दिलंय ते वाचायची आणि करायची. केक तिनेच केला, पडदे तिनेच धुतले.

चिमी सहा तासांवरच्या शहरात राहते. तिथल्या विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसते. तिला भावोजींनी महिन्याच्या सुरुवातीलाच फोन केला होता. अर्धा तास बोलत होते. मी तिथेच होते, ताईच्या ब्लाउजचं माप घेत. कोंबडी किती किलोची घ्यावी, जावयाला तिखट चालतं का, कस्टर्ड गार करायचं की गरम, बसने येणार की गाडीने. "दुपारी एकला टेबलावर बसायचं, उशीर चालणार नाही," हे यांचं. "येते बाबा, एकच्या आत येते, दरवर्षी येतेच की," हे तिचं. फोन ठेवला तेव्हा यांची कॉलर ताठ झाली होती.

पंचवीस उजाडला. सकाळी तिघं मिळून चर्चला जाऊन आलो. एकतीस वर्षांत भावोजी पहिल्यांदाच पंचवीसच्या प्रार्थनेला होते. लोक थांबून थांबून हात मिळवत होते आणि यांचं लक्ष घड्याळात. नऊ चाळीसला कोंबडी ओव्हनमध्ये गेली. या वेळी ताईने ओव्हनच्या दारासमोर खुर्ची टाकली आणि तिथेच बटाटे सोलत बसली, म्हणजे यांना दार उघडता येऊ नये. कोंबडी अशी सुरेख झाली की काय सांगू. सोनेरी, वरची साल कुरकुरीत, घरभर वास.

बाराला भावोजी बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. साडेबाराला परत आले, पाणी प्यायले, पुन्हा गेले. एक वाजता टेबलावर पाच ताटं मांडून तयार होती. सव्वा वाजता ते खिडकीत. "बस उशिरा आली असेल," मी म्हटलं. "दोन बस येऊन गेल्या," ते म्हणाले. त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याचं वरचं बटण दहादा लावून काढलं होतं. दीड वाजता त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उमटलं. "लिफ्ट!" म्हणाले आणि जिन्याने धावत सुटले. आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये पोर अडकली असणार, असं त्यांच्या डोक्यात आलं. चार मजले उतरले. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं टाकून रिकामी उभी होती. ते जिन्यानेच वर आले, धापा टाकत. मला हसू येत होतं, पण चिमी फोनही उचलत नव्हती.

दोन वाजून गेल्यावर तिने उचलला. यंत्रांच्या आवाजाने भावोजींचे कान अधू झालेत, त्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर लावतात. आम्ही सगळं ऐकत होतो.

"बाबा! नाताळच्या शुभेच्छा! एक मिनिट थांबा हं. हो मॅडम, निळी, चाकांची, लिहिलंय मी, सापडली की कळवते. हं बाबा, बोला."

"कुठवर आलीस?"

"कुठवर म्हणजे? ड्यूटीवर आहे. आज नुसती झुंबड उडालीय इथे. उद्या पहाटेच्या बसने निघतोय ना आम्ही, बरोबर एकला ताटावर. का हो? आई बरी आहे ना?"

ताईच पुढे वाकून म्हणाली, "बरी आहे गं मी."

"आज सुट्टी नाही मिळाली?" भावोजींनी विचारलं.

"मी कधीच मागत नाही आजची. इथे सगळ्यांची मुलं लहान आहेत बाबा. दरवर्षी मीच सांगते, आमच्याकडे सव्वीसला असतो, मी येते. तुमचीच लेक ना!"

ती हसत होती. मी भावोजींकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, किंवा सगळं सांगून टाकेल, तक्ता, ओव्हन, सगळं. ते म्हणाले, "शहाणी आहेस. बाईंची बॅग नीट शोध." आणि फोन ठेवला.

चूक कुणाची म्हणाल? अर्ध्या तासाच्या फोनमध्ये कस्टर्डही ठरलं होतं, फक्त तारखेचा विषय कुणी काढला नव्हता. यांना वाटलं, मी निवृत्त झालो, आता कोण कशाला सव्वीसपर्यंत थांबेल? तिला वाटलं, आपल्या घरी सव्वीसशिवाय दुसरा दिवस असतोच कुठे? दुसऱ्या कुठल्याही घरात अशी चूक व्हायची नाही. मला भावोजींचा राग आला, चिमीचाही आला, आणि मी तिथे अर्धा तास हातात टेप घेऊन बसले होते, मला तरी कुठे सुचलं होतं विचारायला?

भावोजी स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळ उभे राहिले, मग खिडकीशी, मग परत ओट्याजवळ. "झाकून ठेव सगळं," ताईला म्हणाले. "उद्या गरम करू."

"बरं," ताई म्हणाली आणि झाकणं शोधायला लागली. सूपावर एक ठेवलं. बटाट्यांवर दुसरं. तिचा हात असा सराईत चालला होता की भावोजी ते बघत राहिले. कोंबडीवर ठेवायला तिने मोठं पातेलं काढलं तेव्हा ते म्हणाले, "आज अर्धा दिवस वाट बघितली तर माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं तू काय करायचीस गं आजच्या दिवशी?"

"काय करणार? चर्चमधून यायचं, उद्याचं चिरून ठेवायचं. मग चिमीला झोपवायचे. झोपली की दिवस लवकर सरतो ना. तासाभराने उठायची आणि विचारायची, उद्या झाला का?"

"आणि ती मोठी झाल्यावर?"

"ती झोपेनाशी झाली," ताई म्हणाली. "मग मीच झोपायचे."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. टोमणा नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. दर पंचवीसला दुपारी तिचं दार बंद असायचं आणि मी खाली मशीनवर बसून समजायचे, दमलीय बिचारी, पडली असेल. सख्खी बहीण मी.

भावोजींनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "बस," म्हणाले.

"अहो, चिमी उद्या..."

"उद्या दुसरी आणू. तू बस."

ताई बसली. ओल्या हातांनीच, कडेच्या खुर्चीवर, जिथून उठून ओट्याकडे जाता येतं तिथे. मी म्हटलं, माझा गॅस चालू राहिलाय, आणि चपला शोधायला लागले. माझा गॅस बंद होता हे दोघांनाही माहीत होतं. कुणी मला थांबवलं नाही.

दारातून वळून बघितलं तर भावोजी सुरी धरून कोंबडीपुढे उभे होते आणि सुरी चालवतच नव्हते. छत्तीस वर्षांच्या संसारात ताईने सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाल्लंय.

"तुला यातलं काय आवडतं?" त्यांनी विचारलं.

ताई कोंबडीकडे बघत राहिली.

"थांबा हं," ती म्हणाली. "आठवू द्या."