सव्वा इंच

डोंगर चढायचा तर याच हिवाळ्यात, हे हार्लन राऊशला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं विटांच्या भट्टीवर काढल्यावर छातीत जी धूळ बसते, ती कुठल्याच खोकल्यानं निघत नाही. तळघराच्या बारा पायऱ्या उतरतानाही तो सातव्या पायरीवर थांबायचा आणि काहीतरी आठवत असल्याचा चेहरा करायचा.

तळघरात त्याची बंदूक होती. म्हणजे व्हायची होती. ठासणीची, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी, जुन्या घडणीची. नळी, घोडा, चाप, पितळेचे तुकडे आणि अर्धवट कोरलेलं मेपलचं लाकूड असा सुट्या भागांचा संच टपालानं येऊन चार वर्षं झाली होती. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांचा मोसम उघडतो तो फक्त असल्या बंदुकांसाठी. डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावून कॉफी पिताना माणसं एकमेकांच्या नळीवरचं नाव वाचतात. ज्यानं घडवली त्याचं नाव. हार्लन चौदा वर्षं शेजारच्या डेल्बर्ट शूपनं घडवलेली जुनी बंदूक घेऊन जात होता आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "आज दोन-दोन डेल्बर्ट आलेत बरं का!" एकदा तरी स्वतःच्या नावाची बंदूक खांद्यावर घेऊन वर जायचं, एवढंच त्याला हवं होतं.

डिसेंबर लागला तेव्हा दस्त्याच्या बुडाला पितळी पट्टी बसवायची तेवढी राहिली होती. पट्टी दिव्याच्या धुरावर काळी करायची, लाकडावर दाबायची, जिथे काळं उमटेल तिथलं लाकूड कानशीनं घासायचं. पट्टी फट न राहता बसेपर्यंत पुन्हा काजळी, पुन्हा दाब. हार्लन रोज सकाळी बसे. एक डाग घासला की शेजारी दुसरा दिसे. घासण्यातही एक विश्रांती होती. विचार करावा लागत नसे.

तीन आठवड्यांनी डेल्बर्ट खाली आला. त्यानं दस्ता पाहिला, मग हार्लनचा हात धरून उताणा केला.

"हे काळं पट्टीचं नाहीये, हार्लन. तुझ्या अंगठ्याचं आहे."

हार्लननं अंगठा पँटला पुसला.

"तीन आठवडे स्वतःचेच ठसे पुसत बसलायस, लेका."

टेप लावली. दस्ता सव्वा इंचानं आखूड झाला होता. हार्लनसारख्या लांब हाताच्या माणसानं बंदूक खांद्याला लावली, तर नाक अंगठ्यावर आदळत होतं. नेम धरणं शक्यच नव्हतं.

"तुकडा चिकटव," डेल्बर्ट म्हणाला. "मेपल आहे माझ्याकडे."

"आणि सांधा?"

"दिसणार. न दिसायला काय झालं?"

"राहू दे."

"मग माझीच ने."

"तेही राहू दे."

एवढ्यात हार्लनची बायको व्हर्ना कपड्यांची टोपली घेऊन उतरली. दिवसभर वृद्धाश्रमाच्या चादरी धुवायच्या आणि घरी येऊन पुन्हा धुलाई. तिच्या यंत्रावर बंदूक आडवी पडलेली.

"हे लोखंड माझ्या यंत्रावर कशाला?" म्हणत तिनं ती उचलली. उचलता उचलता, लग्नाआधी बापाबरोबर रानात जायची तशी सवयीनं खांद्याला लावली. गाल लाकडावर टेकला, डोळा नळीच्या रेषेत आला.

डेल्बर्ट हळूच म्हणाला, "बसली की!"

हार्लनला आपल्या खुर्चीत दुसरं कुणी बसल्यासारखं वाटलं.

"माझ्याकडे बघू नका," व्हर्ना म्हणाली. "सव्वीसला मला सुट्टी आहे. मी झोपणार आहे."

दोन दिवस बंदूक तळघराच्या कोपऱ्यात तशीच उभी होती. तिसऱ्या दिवशी हार्लननं पट्टी ठोकली, लाकडाला तेल लावलं, नळीवर आपलं नाव कोरलं. अक्षरं थोडी वाकडी आली.

सव्वीसला पहाटे व्हर्नानंच त्याला हलवलं. बूट चढवून तयार होती. "ऊठ. गाडी तू चालव."

पायथ्याशी एकानं नळीवरचं नाव वाचलं आणि हार्लनकडे पाहिलं. "बायकोला पाठवतोस होय रे?"

"तिचे गुडघे बरे आहेत."

"आणि नेमही," व्हर्ना म्हणाली.

तिच्यामागून तो पहिल्या कुंपणापर्यंत गेला. तिथे खांबाला धरून उभा राहिला. ती वळून थांबली तेव्हा त्यानं हातानंच 'जा' म्हटलं. ती झाडांत दिसेनाशी झाल्यावरही श्वास जागेवर यायला वेळ लागला.

गाडीत परतून तो काच खाली करून बसला. गारगोटी कधी नुसतीच चमकते, दारू पेटत नाही. कधी पेटते, पण इतक्या उशिरा की हरीण निघून गेलेलं असतं. दहाच्या सुमारास वरून बार ऐकू आला. एकच, भरीव, मध्ये न अडखळलेला.

पेटली.

हरीण पडलं की नाही, हे कळायला व्हर्ना खाली यायला हवी होती, आणि त्याला तास तरी होता. त्यानं काच वर केली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बऱ्याच दिवसांनी न खोकता झोपी गेला.