आधी डोंगर, मग देव

गल्लीत त्यांना सगळे रफूवालेच म्हणत. कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि त्यानंच भोक असं भरायचं, की मालकालाही जागा सापडू नये. एके दिवशी त्यांनी गडद निळ्या कोटावर काळा धागा चालवला. बायकोनं तो खिडकीशी नेऊन दाखवला, तेव्हा त्यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, नजर कडांकडून आत आकसत जाते आहे. थांबवायला औषध नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली आणि दिसतंय तोवर बर्फाचे डोंगर बघायचे, असं जाहीर केलं. बायकोला ते पटलं. पण त्याच डोंगरांत महादेवाचं मोठं देवस्थान होतं आणि तिनं डॉक्टरांच्या दारातच त्याला नवस बोलला होता. रफूवाल्यांचा नवसावर विश्वास नव्हता. "त्याला तीन डोळे आहेत खरे, पण त्यातला एकही तो उसना द्यायचा नाही," ते म्हणाले. ती हसली नाही.

मुलीनं पलंगावर नकाशा पसरला. दोन थंड हवेची ठिकाणं आणि देवस्थान, सगळं एकाच रजेत बसत होतं. अडलं ते क्रमावर. आई म्हणत होती, आधी देव.

"देव अंधारातही भेटतो," रफूवाले म्हणाले. "डोंगराला उजेड लागतो." मुलीनं नकाशावर देवस्थानापुढे शेवटचा आकडा लिहिला.

पहिल्या ठिकाणी धुकं होतं. दुसऱ्या ठिकाणीही तेच. ते व्हरांड्यात शाल गुंडाळून बसत आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहत. रजा संपत आली. देवस्थानाला न्यायला गाडी दाराशी आली, तेव्हा बायकोनं ती परत पाठवली.

"अगं, तुझा नवस?"

"देव कुठं पळून जात नाही. तुमची नजर जातेय. थांबू इथंच."

तिला ते किती जड गेलं असेल, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं फाटलं. ऊन कलेपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत. थोडंसंच दिसत होतं, म्हणून सबंध रांग बघायला ते मान हळूहळू फिरवत होते. चहा निवून गेला. दर्शन न घेताच मंडळी घरी परतली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचं दिसणं पार गेलं. मग त्यांनीच विषय काढला, "तुझा महादेव राहिलाय." मुलीनं परोपरीनं समजावलं, ते बधले नाहीत. नवराबायको पुन्हा निघाली. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते चढले. ती पुढून "पायरी", "वळण", "ओलं आहे" एवढंच सांगत होती. गाभाऱ्यात ते तिच्या शेजारी हात जोडून उभे राहिले.

उतरताना त्यांनी विचारलं, "डोळे मागितलेस ना?"

"नाही. माझे गुडघे चालते ठेव म्हटलं. आता दोघांचं चालणं त्यांच्यावरच आहे."

रफूवाल्यांनी दुसऱ्या हातानं चाचपडत कठडा शोधला, त्याच्यावर भार टाकला, आणि तिच्या खांद्यावर हात नुसता टेकवून ते पुढची पायरी उतरले.