कोरी नोटीस

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउनमधल्या ज्या सरकारी कार्यालयात मी एकोणीस वर्षं काम केलं, तिथल्या एकाही माणसाला मी माफ केलेलं नाही. आधीच सांगून ठेवते.

माझी नजर एकदम गेली नाही. आधी अंधारातलं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचंही धुकट होत गेलं. डोळ्याच्या पडद्याची ही बीमारी आमच्या घराण्यातली, थांबणारी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं काम आवक-जावकचं. आलेली पत्रं नोंदवायची, उत्तरं टाइप करायची. कॉम्प्युटरमध्येच अक्षरं मोठी करायची सोय असते, हे मला एका अंध शिक्षकांनी फोनवरून शिकवलं. मी पडदा काळा केला, अक्षरं पिवळी आणि चौपट मोठी केली. शेजारच्या टेबलावरचे बाबू म्हणाले, "दीदी, आपके कंप्यूटर में किसी की तेरहवीं है क्या?" सगळी खोली हसली. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दोन वर्षांत ती पिवळी अक्षरंही दिसेनाशी झाली. मग मी पडदा वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. तोही मशीनमध्ये पहिल्यापासून होता, कोणी हात लावला नव्हता इतकंच. एका कानात इयरफोन, बाण दाबला की पुढची ओळ, टॅब दाबला की पुढचा रकाना. हळूहळू मी त्याचा वेग इतका वाढवला की दुसऱ्याला ती नुसती चिवचिव वाटे. टाइप केलेलं पत्र मी त्या खोलीत सगळ्यांच्या आधी वाचून संपवायची.

पण सही-शिक्का मारून स्कॅन केलेला कागद त्या आवाजाला कळत नसे. त्याच्या लेखी तो फोटो. फोटोतली अक्षरं ओळखणारी सोय तेव्हा आमच्या मशीनवर नव्हती. असं पत्र उघडलं की कानात यायचं, "दस्तावेज़ खाली है." म्हणजे कागद कोरा.

नवे साहेब आले आणि त्यांनी सगळे आदेश स्कॅन करूनच पाठवायला सुरुवात केली. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, सर, सोबत टाइपची फाइलही पाठवत जा, स्टेनोबाईंच्या मशीनवर ती असतेच.

"एक आदमी के लिए पूरा सिस्टम बदल दें?" ते म्हणाले.

मी लेखी अर्ज दिला. त्याचं काय झालं, कोणी सांगितलं नाही. शेजारचे बाबू महिनाभर आदेश वाचून देत राहिले. मग एक दिवस म्हणाले, "मैं आपका चश्मा नहीं हूँ." खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. त्यानंतर मी कोणालाच विचारलं नाही.

तीन महिन्यांनी मला एक मेल आला. विषय आवाजानं नीट वाचला, "कारण बताओ सूचना," म्हणजे कारणे दाखवा नोटीस. सोबतचा कागद उघडला, तर तो कोरा.

माझा नवरा रिछाईच्या कारखान्यात फिटर. संध्याकाळी त्याला सांगितलं.

"छापून आण, मी वाचून देतो," तो म्हणाला.

"नको. ज्यानं पाठवली तोच वाचून दाखवीन."

"काहून भांडून राहिली तू? माफी माग आन मोकळी हो."

"तुम्ही तर त्याच्याच बाजूनं बोलून राहिले."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तो मला स्कूटरवर सोडायचा, मी उतरून निघून जायची.

मी उत्तर टाइप केलं: आपला कागद मिळाला, माझ्या मशीनवर तो कोरा आहे, आरोप काय ते कळवावं. तासाभरात साहेब बाहेर आले. सगळ्यांसमोर गरजले, "मजाक समझ रखा है?"

"नहीं सर. आप पढ़ दीजिए, मैं अभी जवाब टाइप कर देती हूँ."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. अमुक आदेशाचं पालन केलं नाही. मी विचारलं, "यह स्कैन था, सर?" ते म्हणाले, "हाँ, तो?" दुसरा आदेश. तोही स्कॅन. तिसऱ्याला मी विचारायच्या आत त्यांनी पुढचा वाचायला घेतला. चौथा अर्धाच वाचला. "सब बहाने हैं," म्हणाले आणि आत गेले. दार असं आपटलं की टेबलावरचा ग्लास किणकिणला. मी थांबले नाही. ऐकलेले चारही आरोप टाइप करून प्रत्येकाखाली उत्तर लिहिलं, माझ्या जुन्या अर्जाची प्रत जोडली आणि पाठवलं.

त्याचं उत्तर कधी आलं नाही. नोटीस परतही घेतली नाही. पुढच्या सोमवारपासून मात्र टाइपच्या फाइली येऊ लागल्या. स्टेनोबाईच त्या पाठवायच्या. चहाला मला बोलावणं बंद झालं. एका सकाळी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि गोंधळले. जी दोन उंच टिंबं चाचपून बोटं आपल्या जागी बसतात, त्यांवर कोणी तरी जाड टेप चिकटवला होता. मी नखानं टेप खरवडून काढला. कोणी केलं, विचारलं नाही. माझ्यापुरतं सगळ्यांनीच केलं होतं.

मग वरच्या कार्यालयातून एक पाहुणे आले. साहेब त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन आले आणि मधाळ आवाजात म्हणाले, "हमारे यहाँ इनके लिए पूरी सुविधा है. ज़रा दिखाइए, दीदी."

मी हात मांडीवर घेतले. "काम है तो दीजिए सर. तमाशा नहीं करूँगी."

पाहुणे खोकले. दोघं पुढं गेले.

"आता बदली करीन तो तुझी," नवरा म्हणाला. झालीच. पावसाळा संपायच्या आत मला शहराच्या टोकाला, तिलवाऱ्याच्या बाजूच्या आमच्याच खात्याच्या स्टोअरमध्ये पाठवलं. तिथं कॉम्प्युटरच नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला कागद-पेन घेऊन समोर बसवलं. अर्ज मी सांगितला, त्यानं लिहिला, एकदाही अडवलं नाही. असे पाच अर्ज गेले. आठ महिन्यांनी मशीन आलं. जुनं होतं, पंखा घरघरायचा, पण त्याच्यात आवाज होता.