बांगडी वर सारते ती

जर्मनीत येना गावी नवरा लेन्स बनवणाऱ्या कंपनीत आणि मी घरी. लेक पाच वर्षांची. घरात तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, पण उंबरठा ओलांडला की मूग गिळून बसायची. उन्हाळ्यापर्यंत बोलली नाही तर वेगळ्या शाळेचा विचार करावा लागेल, असं किंडरगार्टनच्या बाईंनी शेवटी सांगितलंच. मग मी उठता-बसता तिच्या मागे: बोल गं बाई, एक शब्द तरी बोल.

खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक ओमा, म्हणजे जर्मन आजी, राहायच्या. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहायच्या, चित्रंही स्वतःच काढायच्या. दुपारी लेक त्यांच्या टेबलाशी जाऊन नुसती बघत बसायची. त्यांनी तिला कधी म्हणजे कधी एक प्रश्न विचारला नाही.

नव्या पुस्तकात एक आई पोळ्या लाटते असं पान होतं. त्यासाठी ओमा माझ्या ओट्यापाशी दोनदा उभ्या राहून गेल्या. तीन आठवडे खपून जलरंगातलं चित्र पुरं केलं आणि आम्हाला दाखवायला बोलावलं. मी तर बघतच राहिले. पिठाने माखलेली बोटं, पोळीची कड, सगळं जिथल्या तिथे.

लेकीने चित्रावर बोट ठेवलं. "आई बांगडी वर सारते."

परक्या घरातलं तिचं पहिलं वाक्य, आणि मी मूर्ख काय म्हणाले? चित्राला हात लावू नकोस! ओमांनी मला हातानेच थांबवलं आणि ती मराठीत काय म्हणाली ते विचारलं. मी सांगितलं, वर म्हटलं, पोरीचं काय मनावर घेता. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग चित्राकडे; तिथे बांगडी मनगटावरच होती.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. तीन आठवड्यांचा तो कागद त्यांनी बाजूला ठेवला, कोरा घेतला आणि लेकीला शेजारी खुर्ची ओढून दिली. एवढी पुस्तकं केलेली बाई!

"अजून काय चुकलंय?" त्यांनी तिला जर्मनमध्ये विचारलं.

आणि लेक सांगायला लागली, जर्मनमध्येच. लाटणं फार जाड झालंय. पिठाचा डबा दिसत नाही. आई लाटताना खालचा ओठ चावते. ओमा मान खाली घालून काढत होत्या. इतके महिने बोल बोल करणारी मी दाराशी गप्प उभी राहिले. मी ओठ चावते, हे मलाच माहीत नव्हतं.