सगळे बाण डावीकडे

आमच्या शाळेच्या मैदानाला लांबी आहे, रुंदी नाही. एका बाजूला वर्गांची ओळ, दुसऱ्या बाजूला टॉवेलच्या कारखान्याची भिंत आणि मधे बोळापेक्षा जरा बरी अशी मोकळी जागा. क्रिकेट खेळलं की काचा फुटतात. व्हॉलीबॉल खेळलं की चेंडू यंत्रमागांवर जातो आणि पलीकडचा मुकादम तो परत देताना आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलेलीच नाही. अशात एका बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "या वर्षी एखादा नवा खेळ सुरू करायचाय. कोण घेतंय?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी मान आधीपासूनच खाली होती, कारण मी टेबलाखाली उत्तरपत्रिका तपासत होते. ती नेमकी नको त्या वेळी वर केली.

"धनुर्विद्या," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. आदल्या दिवशी टीव्हीवर बघितली होती आणि लांबट जागेत चेंडूवाचून दुसरं काय खेळणार?

"तुम्हाला येते?"

"शिकेन की."

गणिताची बाई, वय बावन्न, गुडघ्याला पट्टा. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर फुकटची करमणूक झाली. आता गृहपाठ न करणाऱ्यांची खैर नाही, असं इंग्रजीचे सर म्हणाले, तेव्हा पहिला नेम तुमच्यावरच धरते असं मी त्यांना सांगून टाकलं. मग उन्हाळ्यात सहा दिवसांचं शिबिर केलं, हातावर दोरीचे निळे वळ घेऊन परतले, आणि जूनमध्ये बांबूची सहा धनुष्यं आणि अकरा मुलं यांच्यावर आमचा क्लब सुरू झाला.

बाण थोपवायला लक्ष्याच्या मागे काहीतरी जाड लागतं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "पप्पा पलीकडच्याच कारखान्यात हायत बाई, विचारते." दुसऱ्या दिवशी तिचे वडील मागावरून थेट आले. अंगाला सुताचा भुसा चिकटलेला, डोक्यावर एक भलंमोठं पोतं. पोत्यात टॉवेलच्या चिंध्या आणि तुटकं सूत इतकं ठासून भरलेलं की त्यावर बुक्की मारली तर हातच दुखावा.

"हेच्यात बाण घुसतंय, पन पलीकडं जात न्हाय," ते म्हणाले. खरंच जात नव्हता. अशी चार पोती त्यांनी आणून दिली.

जाताना मात्र त्यांनी अट घातली. "पोरगी दिवाळीपत्तर ऱ्हाईल तुमच्याकडं. शाळंच्या संघात आली तर बगू. न्हाय आली तर शाळा सुटली की सरळ घरला. हिची आई एकटीच विड्या वळायलीय, तिला हात नको व्हय?"

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. बरं म्हटलं.

पहिल्याच दिवशी शिबिरात शिकवलेली डोळ्यांची परीक्षा घेतली. माणसाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो. तो कुठला हे आधी बघायचं आणि त्या बाजूच्या हातानं दोरी ओढायची. दोन्ही पंजे समोर धरून मधे छोटी खिडकी करायची, त्या खिडकीतून व्हरांड्यातली घंटा बघायची आणि डावा डोळा मिटायचा. घंटा जागेवर राहिली तर उजवा डोळा जोरकस. नाहीशी झाली तर डावा.

"राहिली का रे घंटा?" मी विचारलं.

"राहिलीऽऽ!" अकरा गळ्यांतून एकच सूर. अठ्ठावीस वर्षं मी हा सूर ऐकत आले आहे. समजलं का? समजलंऽऽ! तो ऐकला की माझं समाधान होतं आणि मी पुढच्या उदाहरणाकडे वळते. तशीच वळले. सगळ्यांना उजव्या हातानं दोरी ओढायला लावली.

ती आठवीतली मुलगी सगळ्यांच्या आधी यायची, पोती उभी करायची, शेवटचा बाण गोळा करून जायची. मन लावून शिकायची. पण तिचा एकेक बाण डावीकडे जायचा. थोडाथोडका नाही, शेजारच्या मुलाच्या पोत्यात. तो बेटा आपल्या बाणांत तिचे धरून गुण सांगायचा. मी तिला पाय सरळ करून दाखवले, खांदा खाली करून दाखवला, शेवटी ओरडले. "अगं, लक्ष कुठंय तुझं? समोर बघ ना!" ती हो म्हणायची, समोर बघायची आणि बाण डावीकडे जायचा. माझा पारा चढायचा. तिचा चेहरा उतरायचा, पण दुसऱ्या दिवशी पोती लावायला हजर.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संघाची निवड होती. चौघं घ्यायची. नऊ दिवस उरले तेव्हा मी हात टेकले. उगाच आशेला लावण्यापेक्षा स्पष्ट सांगावं म्हणून तिला मधल्या सुट्टीत एकटीला बोलावलं. मी सुरुवात करणार तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, एक विचारू? घंटा ऱ्हायली न्हाय तर काय करायचं असतंय?"

"कुठली घंटा?"

"ती पैल्या दिवशीची. माझी ऱ्हायली न्हवती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"सगळेच ऱ्हायली म्हनले की. मला वाटलं, मीच बरुबर बगितलं न्हाय."

तिथल्या तिथे पुन्हा परीक्षा घेतली. डावा डोळा. चार महिने मी त्या पोरीला चुकीच्या हातानं दोरी ओढायला लावून वर लक्ष नाही म्हणून झापत होते. मला इतकी लाज वाटली की पुढच्या तासाला मी वर्गात धड बोलू शकले नाही.

बाणाचा टेकू धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला बांधला आणि त्याच संध्याकाळी तिनं डाव्या हातानं दोरी ओढली. पहिला बाण पोत्याच्या वरून भिंतीवर गेला, पण गेला सरळ. ती माझ्याकडे बघून हसली. ती हसते हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढचे नऊ दिवस ती अंधार पडेपर्यंत थांबली आणि गुडघ्याला न जुमानता मीही. पण हात नवा, बोटं नवी. शनिवारी तिचे सगळे बाण तिच्याच पोत्यात लागले. नंबर मात्र सातवा आला.

तिचे वडील पाळी संपवून आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरले.

"सातवी आली," मी म्हटलं.

"व्हय, बगितलं."

"चूक तिची नाही, माझी आहे. मी पहिल्या दिवशी नीट तपासलं नाही. तिचे चार महिने मी वाया घालवले. मला ते तिला परत द्यायचेत."

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "बाईच चुकल्या म्हनता?"

"हो. मीच चुकले."

मग ते वळून मुलीला त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत काहीतरी म्हणाले. लांबलचक आणि जरा रागावल्यासारखं वाटलं. मला तेलुगूतला एक शब्द कळत नाही. ती पोत्यापाशी उभी राहून ऐकत होती, हातात दोन बाण.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"कायी न्हाय बाई. म्हनायलेत, आजपासून आईला विडीची पानं ते कापून देनारेत."

आणि ती उरलेले बाण उपटायला गेली.